सरांच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी

पत्र

आमची कंपनी कारखान्यांतील यंत्रांवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करते. कंपनीचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. उत्पादन कसे असावे, कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाकारायचे, हे तेच ठरवत. मी सुरुवातीपासून कामाची आखणी, ग्राहकांना वेळेवर काम पोहोचवणे आणि खर्च ही बाजू सांभाळत आले. आता संचालक मंडळाने मला मुख्य कार्यकारी अधिकारी होण्यास सांगितले आहे. मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, मंडळावर आहेत आणि सर्वांत जास्त शेअर त्यांच्याकडे आहेत. त्यांचाही आग्रह आहे. त्यांचा मुलगा सध्या परदेशात शिकतो आहे. पण मी द्रष्टी नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणते, "सर असते तर असे केले नसते." दोन अनुभवी इंजिनिअर सोडून गेले, आणि एक मोठा ग्राहक करार पुढे चालू ठेवण्याबाबत चालढकल करतो आहे. अशी कंपनी खरोखर भरभराटीला येऊ शकते, की हळूहळू ओसरत जाते? मी पद स्वीकारावे, की बाहेरून एखादे मोठे नाव आणा असे सांगावे?

— एक वाचक, पुणे

उत्तर

तुमचा मूळ प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देतो. होय, द्रष्टा नेता गमावल्यावरही तंत्रज्ञानाची कंपनी भरभराटीला येऊ शकते, आणि तिला पुढे नेणारी व्यक्ती स्वतः द्रष्टी असलीच पाहिजे असे नाही. मात्र ती भरभराट पूर्वीच्याच वळणाची असेल, अशी आशा धरून पद घेऊ नका. तुमच्या स्वभावात सरांचा अंश किती, याचा विचार तुम्ही पत्रभर केला आहे. त्यापेक्षा सर एकट्याने जे ठरवत होते त्यातले किती आता इतरांना ठरवता येते, याचा विचार करायला हवा, कारण कंपनीचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे.

हे कशाच्या आधारावर म्हणतो, ते सांगण्यासाठी ॲपलचे उदाहरण घेतो. ते सर्वांच्या परिचयाचे असले तरी बहुधा अर्धेच सांगितले जाते. या कंपनीने एकच माणूस दोनदा गमावला, १९८५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये, आणि दोन्ही वेळचे परिणाम अगदी उलट झाले. कंपन्यांच्या इतिहासात इतकी स्वच्छ तुलना क्वचितच सापडते.

ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी १९८३ मध्ये जॉन स्कली यांना पेप्सीमधून कंपनीचे प्रमुख म्हणून आणले आणि दोन वर्षांत दोघांचे बिनसले. मे १९८५ मध्ये मॅकिन्टॉश (मॅक) या संगणकाच्या विभागाची सूत्रे जॉब्ज यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी कंपनी सोडली. त्यानंतर ॲपल लगेच कोसळली, अशी समजूत आहे. ती खरी नाही. स्कली यांच्या दहा वर्षांत वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरच्या आतून सुमारे आठ अब्ज डॉलरपर्यंत गेली, आणि १९९१ मध्ये आलेला पॉवरबुक हा लॅपटॉप चांगला चालला. म्हणजे कितीतरी वर्षे ताळेबंद पाहणाऱ्याला काळजीचे कारण दिसले नसते. झीज आतून चालू होती. मॅकिन्टॉशची इतकी मॉडेल्स निघाली की त्यांतील फरक ग्राहकाला उमगेना. ‘कोपलँड’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम रखडत रखडत अखेर १९९६ मध्ये सोडून द्यावी लागली. आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज ९५ बाजारात आल्यावर ॲपलसाठी जास्त पैसे का मोजायचे, याचे उत्तर विक्रेत्यांकडेही उरले नाही. स्कली गेले, मायकेल स्पिंडलर आले आणि गेले, गिल अमेलिओ आले. १९९६ आणि १९९७ या दोन आर्थिक वर्षांत मिळून कंपनीला पावणेदोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला.

या काळात ॲपलमध्ये कल्पनांचा दुष्काळ नव्हता. १९९३ चा न्यूटन हा हातात मावणारा संगणक कल्पना म्हणून काळाच्या पुढे होता. प्रत्येक विभागाकडे स्वतःचा प्रकल्प, स्वतःचे समर्थन आणि स्वतःचे अंदाजपत्रक होते. ‘हे करायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आणि समज एकाच जागी असलेला माणूस तेवढा नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले आणि त्यातून ते परत आले. त्यांनी आल्यावर एखादे नवे स्वप्न मांडले, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात त्यांनी आधी बहुतेक उत्पादने बंद केली, आणि घरगुती वापर व व्यावसायिक वापर यांच्यासाठी प्रत्येकी एक टेबलावरचा आणि एक सोबत नेण्याचा, अशा चारच संगणकांवर कंपनीचे लक्ष आणले. तुम्ही तुमच्या सरांविषयी ‘कोणते काम नाकारायचे हे तेच ठरवत’ असे ओघात लिहून गेला आहात. तुमच्या पत्रातील ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, असे मी मानतो.

आता दुसरी वेळ. ऑगस्ट २०११ मध्ये जॉब्ज यांनी पद सोडले आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले टिम कुक यांची पार्श्वभूमी तुमच्यासारखीच होती. ते १९९८ मध्ये कॉम्पॅकमधून ॲपलमध्ये आले होते आणि पुरवठा साखळी, गोदामातला साठा, कारखान्यांशी करार ही त्यांची बाजू होती. त्यांना उत्पादनाची दृष्टी नाही, असे तेव्हा अनेकांनी लिहिले, आणि ते पूर्णपणे चूकही नव्हते. तरीही ऑगस्ट २०११ मध्ये सुमारे साडेतीनशे अब्ज डॉलर बाजारमूल्य असलेली ही कंपनी जून २०२३ च्या अखेरीस तीन हजार अब्ज डॉलरवर स्थिरावली, आणि तिचे वार्षिक उत्पन्न २०११ च्या १०८ अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये ३९१ अब्ज डॉलर झाले.

हा फरक कशामुळे पडला? माझ्या मते तीन कारणे होती, आणि तिन्ही तुमच्या कामाची आहेत. पहिले कारण असे की परत आल्यावर जॉब्ज यांनी कंपनीची रचनाच बदलली होती. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डिझाइन, विक्री अशी कामानुसार विभागणी झाली आणि वेगवेगळ्या उत्पादनांचे स्वतंत्र नफा-तोटा खाते राहिले नाही. संपूर्ण कंपनीचा हिशेब एकच झाला. त्यामुळे एखाद्या विभागाने आपले उत्पादन वाचवण्यासाठी दुसऱ्याचे अडवावे, याला फारसे कारण उरले नाही. दुसरे असे की कुक यांचा सराव आधीच झाला होता. जॉब्ज यांच्या आजारपणात त्यांनी २००४ मध्ये, मग २००९ मध्ये सुमारे सहा महिने आणि नंतर जानेवारी २०११ पासून कंपनी चालवली होती. कर्मचाऱ्यांनी त्यांना त्या जागी पाहिले होते आणि जॉब्ज हयात असताना पाहिले होते. २००८ मध्ये कंपनीने स्वतःच्या माणसांसाठी ॲपल युनिव्हर्सिटी सुरू केली, तिथे कंपनीने पूर्वी घेतलेले निर्णय कसे आणि का घेतले गेले हे शिकवले जाई. तुमच्या सरांना हा अवधी मिळाला नाही. ही तुमची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती भरून काढण्याचे काम आता तुम्हालाच, त्यांच्या पश्चात, करावे लागेल. ते कसे करता येईल, हे पुढे लिहितो.

तिसरे कारण जॉब्ज यांनी कुक यांना दिलेल्या एका सल्ल्यात आहे. मी काय केले असते असे कधी विचारू नका, जे योग्य वाटेल ते करा, असे त्यांनी सांगितल्याचे कुक यांनी जाहीरपणे सांगितले आहे. १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेल्यावर त्यांच्या कंपनीतली माणसे वॉल्ट असते तर काय केले असते या प्रश्नातच अडकून पडली, हे जॉब्ज यांच्या मनात होते. कुक यांनी हा सल्ला शब्दशः पाळला. सात इंचांच्या टॅबलेटची जॉब्ज यांनी २०१० मध्ये जाहीर टर उडवली होती. २०१२ मध्ये आयपॅड मिनी आला. मोठ्या आकाराचे फोन कोणी घेणार नाही, असे जॉब्ज म्हणाले होते. २०१४ चा मोठा आयफोन कंपनीच्या सर्वाधिक खपाच्या फोनांपैकी एक ठरला. स्टायलसची, म्हणजे पडद्यावर लिहिण्याच्या पेनाची, त्यांनी खिल्ली उडवली होती, तरी २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आली. भागधारकांना लाभांश देणेही २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. यातील प्रत्येक वेळी कोणीतरी ‘स्टीव्ह असते तर’ असे म्हटले असणार.

पण ज्या ठिकाणी जॉब्ज यांचे पूर्वीचे निर्णय खोलवर मुरलेले होते, त्या ठिकाणी कुक यांनी धीर धरला, हेही पाहायला हवे. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिप तयार करणारी छोटी कंपनी विकत घेतली होती. त्या क्षमतेवर वर्षानुवर्षे पैसा आणि माणसे लावत गेल्यावर २०२० मध्ये मॅकसाठी एम१ ही स्वतःची चिप आली आणि इंटेलवरचे अवलंबित्व संपण्याचा मार्ग मोकळा झाला. अशी चिकाटी ही कामाची आखणी आणि खर्च सांभाळणाऱ्या माणसाची ताकद असते. तुम्ही तिला कमी लेखता आहात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ॲपलची दुसरी बाजू लपवून तुम्हाला धीर देणे योग्य होणार नाही. कुक यांच्या काळात घड्याळ आणि एअरपॉड्स आले आणि यशस्वी झाले, पण आयफोनसारखे नवे युग सुरू करणारे काही आले नाही, आणि २०२४ मध्येही उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग २००७ मध्ये जन्मलेल्या त्या एकाच उत्पादनाचा होता. मोटारगाडीचा प्रकल्प सुमारे दहा वर्षे चालवून फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळला गेला. जॉब्ज यांच्या निधनाच्या आदल्याच दिवशी लोकांसमोर आलेली सिरी ही आवाजी सहायक नंतर मागे पडत गेली, आणि तिच्या ज्या नव्या सुविधांची जाहिरात झाली होती त्या २०२५ मध्ये पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून ‘भरभराट’ कशाला म्हणायचे, हे तुम्ही आणि संचालक मंडळाने आधी ठरवायला हवे. विक्री, नफा आणि ग्राहकांचा विश्वास वाढणे ही भरभराट असेल तर तुम्ही ती आणू शकता. दर काही वर्षांनी क्षेत्राचा चेहरा बदलणारे उत्पादन काढणे, एवढीच भरभराटीची व्याख्या असेल, तर ते वचन कोणाच्याही वतीने देऊ नका.

सोनीचे उदाहरण मात्र इशारा म्हणून लक्षात ठेवा. तिचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना नोव्हेंबर १९९३ मध्ये टेनिस खेळताना मेंदूचा झटका आला आणि ते पुन्हा कामावर येऊ शकले नाहीत. वॉकमन तयार करणारी, आणि १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी विकत घेतल्याने गाण्यांचा प्रचंड संग्रह हाती असलेली कंपनी डिजिटल संगीतात पहिली असायला हवी होती. सोनीने १९९९ मध्ये मेमरीवर चालणारा वॉकमन काढलाही. पण १९९४ पासून विभागांना जवळजवळ स्वतंत्र कंपन्यांसारखे वागवले जात होते. उपकरणे तयार करणाऱ्यांना ग्राहकाची सोय हवी होती, संगीत विभागाला गाण्यांची नक्कल होण्याची धास्ती होती, आणि या दोघांमधला वाद निर्णायकपणे मिटवणारे कोणी उरले नव्हते. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड आणला. सोनी पुढे सावरली, कॅमेऱ्याचे सेन्सर आणि प्लेस्टेशन यांच्या बळावर पुन्हा उभी राहिली, पण त्याआधी मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात तिला सुमारे ४५७ अब्ज येनचा तोटा सोसावा लागला. संस्थापक गेल्यावर लगेच भांडणे होत नाहीत. पूर्वी त्यांच्या खोलीत पाच मिनिटांत मिटणारे मतभेद दोन-दोन वर्षे लोंबकळत राहतात आणि बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

बाहेरचे मोठे नाव आणावे का, याविषयी माझे मत बरेच ठाम आहे. मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये फकीरचंद कोहली यांच्यानंतर १९९६ मध्ये प्रमुखपदी आलेले रामदोराई आणि २००९ मध्ये आलेले चंद्रशेखरन हे दोघेही कंपनीतच घडलेले होते, आणि ती कंपनी कोणा एकाच्या जाण्याने अडखळली नाही. याउलट १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसने २०१४ मध्ये विशाल सिक्का यांना बाहेरून आणले. तीन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा संस्थापकांपैकी एक असलेल्या नारायण मूर्ती यांच्या सततच्या टीकेमुळे ही वेळ आली, असे संचालक मंडळानेच जाहीर केले. त्या वादात कोणाचे किती चुकले, यात मी शिरत नाही. बाहेरच्या माणसाला संस्थापकाची सावली अधिक जड जाते, एवढेच त्यातून घ्यायचे. पुढे सलील पारेख हेही बाहेरूनच आले आणि टिकले, पण तेव्हा अध्यक्षपदी नंदन निलेकणी हे संस्थापकांपैकी एक होते आणि त्यांचा पाठिंबा स्पष्ट होता. तुमच्याकडे असा पाठिंबा देऊ शकणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे मॅडम.

म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी मॅडमशी सविस्तर बोला, आणि मुलाचा विषय तुम्हीच काढा. तो अवघड आहे, पण न काढल्यास अधिक अवघड होईल. वँग लॅबोरेटरीज ही अमेरिकेतील एकेकाळची नामांकित संगणक कंपनी. तिचे संस्थापक आन वँग यांनी १९८६ मध्ये मुलाला अध्यक्ष केले, १९८९ मध्ये त्यांनाच मुलाला दूर करावे लागले, पुढच्या वर्षी ते स्वतः गेले आणि १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. केवळ मुलामुळे ती बुडाली असे नाही. वैयक्तिक संगणकाकडे झालेले दुर्लक्षही त्याला कारणीभूत होते. पण त्या निर्णयाने कंपनीतील अनुभवी माणसे दुखावून निघून गेली, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ती हाताशी नव्हती. मुलगा परत येईपर्यंत खुर्ची सांभाळायची, असा तुमच्या नेमणुकीचा अर्थ असेल तर नम्रपणे नकार द्या. किमान पाच वर्षांची मुदत, आणि मुलगा आलाच तर तो तुमच्या हाताखाली, ठरलेल्या कामावर येईल, हे लेखी असू द्या. मॅडमना यात अविश्वास वाटू शकतो. पण अशी लेखी अट कंपनीच्याच हिताची आहे हे तुम्ही त्यांना शांतपणे समजावू शकाल, इतकी वर्षे त्या घराशी तुमचा संबंध आहे.

दुसरी अट उत्पादनाविषयीची. तुम्ही सरांची उत्पादनाची जाण आणू शकत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिता, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. मग ती जाण असलेली एक व्यक्ती कंपनीत आहे का? समिती नको, एकच व्यक्ती, जिच्या निर्णयामागे तुम्ही ग्राहकासमोर आणि मंडळासमोर उभ्या राहाल. गेलेल्या दोन इंजिनिअरांपैकी कोणी तसा होता का? असल्यास त्याला स्वतः भेटा आणि हा अधिकार देऊ करा. अनेकदा माणसे पगारासाठी जात नाहीत, आपल्या कामाचा निर्णय आता कोण घेणार हे कळेनासे झाले म्हणून जातात. नेमणूक चुकली तर ती लवकर दुरुस्त करा. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलचे नकाशे सदोष निघाले, तेव्हा कुक यांनी काही दिवसांत ग्राहकांची जाहीर माफी मागितली, तात्पुरते प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरा असेही सुचवले, आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल यांचे जाणे जाहीर झाले. फोर्स्टॉल हे जॉब्ज यांच्या खास विश्वासातले मानले जात. त्यांना हात लावणे सोपे नव्हते.

आता सरांच्या पश्चात करायच्या त्या कामाविषयी. गेल्या दोन-तीन वर्षांत सरांनी नाकारलेल्या गोष्टींची यादी तयार करा: न घेतलेली कंत्राटे, थांबवलेली वैशिष्ट्ये, परत पाठवलेली डिझाइन्स. जुने ईमेल, बैठकींचे टिपण आणि तेव्हा खोलीत असलेली माणसे यांच्या मदतीने प्रत्येक नकारामागचे कारण लिहून काढा. काही नकारांमागे आजही लागू पडणारा विचार सापडेल. काही त्या वेळच्या परिस्थितीपुरते असतील. काहींचे कारण कोणालाच सांगता येणार नाही, आणि तेही नोंदवा. पुढच्या बैठकीत कोणी ‘सर असते तर असे केले नसते’ म्हणाले, तर त्यांना थांबवू नका, सरांनी कोणते कारण दिले असते ते विचारा. कारण सांगता आले तर ते वजनदार मत आहे आणि त्यावर चर्चा करा. सांगता आले नाही, तर निर्णय त्या दिवशीच घ्या आणि त्याखाली तुमचे नाव घाला.

मोठ्या ग्राहकाकडे मात्र ही सगळी तयारी होण्याची वाट न पाहता जा, आणि उत्पादनाची जबाबदारी ज्याला देणार त्याला सोबत न्या. त्या ग्राहकाला सरांच्या आठवणी ऐकायच्या नसतील. पुढचे अठरा महिने त्याच्या कारखान्यात काय बसणार, काय बसणार नाही आणि रात्री यंत्र बंद पडले तर फोन कोण उचलणार, एवढे त्याला विचारायचे असेल. या तीन प्रश्नांची उत्तरे तुम्ही दोघे मिळून, एकमेकांकडे न पाहता, देऊ शकलात तर मंडळाला होकार कळवा. देऊ शकला नाहीत, तर त्यांच्याकडे तीन महिने मागून घ्या, तोवर हंगामी प्रमुख म्हणून काम पाहा, आणि त्या अवधीत उत्पादनासाठी योग्य व्यक्ती शोधा.